दादा, तुझा फ्लेक्स मी कापला

दादा, कुरुळी फाट्यावर तुझा फोटो असलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, तो मी कापला. भर सकाळी, टपरीवर चहा पिणारी पंधरा-वीस माणसं बघत असताना. विनाइल कापायचा कटर पर्समध्ये होताच. चारही दोऱ्या कापल्या, आणि हात रागात होता म्हणून एक चीर तुझ्या खांद्यावरून पार शर्टाच्या खिशापर्यंत गेली. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. आणि माफी मागणार नाही, तेही आत्ताच सांगून टाकते.

तुला आता कोण सांगायला येणार म्हणा. पण बावीस वर्षांची सवय आहे. दुकानात काही बिघडलं, गिऱ्हाईक चिडून गेलं, शीट वाकडी कापली गेली, की आधी तुझ्या स्टुलाकडे तोंड करून बोलायचं. तू ब्रश पुसत पुसत ऐकायचास आणि शेवटी म्हणायचास, झालं बोलून? आता चहा सांग. आजही मी त्या स्टुलाकडे तोंड करूनच बसलेय. कुणी येऊन बसू नये म्हणून त्यावर विनाइलचे रोल ठेवलेत.

लोक काय काय बोलतायत. संत तुकाराम नगरपासून चाकणपर्यंत आपल्या धंद्यातली जेवढी माणसं आहेत, सगळ्यांच्या कानावर गेलंय. माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि सुमननं पेंटरच्या फोटोवर सुरी चालवली. बोलू देत. त्यांचं मला काडीचं वाटत नाही. वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली, ते मात्र लागलं. तू असतास तर तूही मला फैलावर घेतलं असतंस, पण कशावरून, ते फक्त मला माहीत आहे. फ्लेक्स कापला म्हणून नाही. छापला म्हणून.

कारण छापला होता तोही मीच.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो भांडायलाच. मी तेव्हा नुकतीच स्टिकर कापायची मशीन घेतली होती आणि पिंपरीतले पेंटर माझ्या नावानं बोटं मोडत होते. तू लातूरकडचा, अंगानं काटक, बाहीला पिवळा रंग लागलेला. आमच्या विहाराची नवी पाटी मी बाबांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरवर केली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता. तू म्हणालास, बाई, पाटी देखणी हाय, पण रस्त्याच्या पल्याडून वाचता येईना. मी म्हटलं, आधी डोळे तपासून घ्या. तू वाद घातला नाहीस. मला रस्त्याच्या पलीकडे चला म्हणालास आणि तिथे उभी करून गप्प राहिलास. मी बघितलं तर अक्षरांचा नुसता गठ्ठा. शिरोरेघ एवढी जाड की मात्रा तिला चिकटलेल्या, आणि जोडाक्षरं काळी ठिक्कर भरून गेलेली. मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुला निरोप धाडला, एवढं कळतं तर लिहून दाखवा. तू लिहून दाखवलंस. ती पाटी अजून विहारावर आहे.

तुम्हीचं तू कधी झालं ते आठवत नाही. बहुतेक दुसऱ्या भांडणात झालं असेल.

तुझे ते प्रश्न मला तोंडपाठ आहेत. गिऱ्हाईक म्हणायचं चार बाय तीनचा बोर्ड द्या, मी लिहून घ्यायला पेन उचलायची, आणि मागून तुझा आवाज यायचा. कुठं लागणार? कोण वाचणार? चालत येणार, गाडीवर येणार, का पळत? याची उत्तरं मिळाल्याशिवाय तू मापाचं नावच काढू द्यायचा नाहीस. एकजण वैतागून म्हणाला होता, भाऊ, बोर्ड देताय का जबानी घेताय? तू म्हणालास, आधी जबानी. तो उठून गेला तो गेलाच. त्याच्यासाठी मी तुझ्याशी तीन दिवस अबोला धरला आणि तुला तो कळलाच नाही, कारण तू तसाही कामात बोलायचा नाहीस.

पाटी लिहून झाली तरी सुटका नव्हती. कंपनीच्या आतली, वाट दाखवायची पाटी असली की तू ती घेऊन गेटवर जाऊन उभा राहायचास, आणि तेही शिफ्ट सुटायच्या वेळी. आत जाणाऱ्याला कधी विचारायचा नाहीस. आठ तास उभा राहिलेला, वर ओव्हरटाइम मारलेला, डोळे चुरचुरतायत, कधी एकदा रूमवर जातोय असं झालेला माणूस बघून त्याच्यापुढे पाटी धरायची आणि म्हणायचं, भाऊ, एवढं वाचून दाखव. तो अडखळला की तू पाटी काखेत मारून परत. ताजा माणूस काहीपण वाचतो, हे तुझं म्हणणं. पाटीची खरी गरज दमलेल्याला, घाबरलेल्याला, नाहीतर नवख्याला. मी तुझ्यामागे उन्हातान्हात दुसरी पाटी धरून उभी असायची आणि मनातल्या मनात तुझा उद्धार करत असायची.

तू अक्षरं शिकायला कुठे गेला नव्हतास, पण मोठ्या डिझायनरांना कळत नाही ते तुझ्या मनगटाला कळायचं. अक्षराच्या पोटात हवा पाहिजे, असं म्हणायचास. चाकणची धूळ आधी अक्षराच्या पोटातच जाऊन बसते. ख लिहिताना त्याचे दोन भाग खाली एकमेकांना बांधून टाकायचास, म्हणजे लांबून त्याचा र आणि व होणार नाही. भ ची डोक्यावरची फट मुद्दाम मोठी ठेवायचास. एका गेटवर दुसऱ्या कुणीतरी केलेला कामगार भरतीचा बोर्ड होता, आठवतो? ती फट धुळीनं बुजून भ चा म झाला होता आणि आपण दोघांनी पलीकडून काय वाचलं ते पुन्हा तोंडातून काढत नाही. तू हसून हसून डिव्हायडरवर बसलास. मग उठलास आणि आत जाऊन त्यांना सांगून आलास. ते म्हणाले, जवळून नीट दिसतंय की. त्यावर तुझा चेहरा असा झाला की कुणी तुझ्या घरच्यांना शिवी दिली असावी.

आणि मग फाट्यावरची पाटी. कुरुळीत तुझी बैठक किसनरावांच्या टपरीवर. किसनराव गावचे जुने, मागच्या चाळी त्यांच्या, फाट्याचा कोपराही त्यांचाच. तिथून दोन रस्ते फुटतात आणि दोन्ही अगदी सारखे दिसतात. डावीकडचा कामगारांच्या चाळींतून वळसे घेत एका कंपनीच्या मागच्या भिंतीला जाऊन आपटतो. उजवीकडचा दवाखान्याकडे जातो. तू आठवडाभर चहा पीत नुसता बघत बसलास, कोण येतं, कुठे अडतं, कुणाला विचारतं. मग किसनरावांकडून कोपरा मागून घेतलास आणि दोन लोखंडी पाइप रोवून पत्रा ठोकलास. मी म्हटलं रुग्णालय लिही, शुद्ध आहे. तू म्हणालास, दवाखाना. लातूरवाल्याला कळतं, बिहारवाल्याला कळतं, कुरुळीवाल्याला कळतं, आणि लांबून त्याची अक्षरं सुटी दिसतात. पिवळ्यावर काळं. एक शब्द, एक बाण.

किसनरावांना खाली सौजन्य म्हणून स्वतःचं नाव हवं होतं. तू नाही म्हणालास. मग मी म्हटलं, निदान तुझं तरी टाक, सगळे पेंटर कोपऱ्यात टाकतात. तेव्हा तू जे बोललास ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"ज्याला घाई हाय, त्याच्या डोळ्यापुढं आपलं नाव कामून आणायचं?"

त्या दिवशी वहिनी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, आख्ख्या पंचक्रोशीची नावं लिहिली, यांचं स्वतःचं कुठे नाही. तू हसण्यावारी नेलंस. मीही हसले. तिला हसू आलं नव्हतं, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

आपलं शेवटचं भांडण तुला आठवत असेल. मला तर झोपेतही आठवतं. तुझी अक्षरं कॉम्प्युटरवर घ्यायचं काम आपण दीड वर्षं करत होतो. तू चौकटीच्या कागदावर ब्रशनं काढायचास, मी एकेक वळण माउसनं पकडायची. तू मागे उभा राहून म्हणायचास, ह्या वळणाला जरा दम घेऊ दे. अर्धीअधिक झाली होती. तेवढ्यात चाकणच्या एका कंपनीचं मोठं काम आलं, आतल्या सगळ्या दिशांच्या पाट्या. त्यांच्या ऑफिसातनं नमुना आला, चकचकीत विनाइल, बारीक अक्षरं, एका पाटीत सहा ओळी. तू म्हणालास, हे वाचता येणार नाही, करायचं नाही. मला ते काम हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते काम फारच हवं होतं. आणि मी तुला म्हटलं की आता पाट्या वाचतं कोण, फोन असतो ना प्रत्येकाकडे, तो सांगतो रस्ता. तू म्हणालास, आणि फोन काढायला हात मोकळा नसला तर? त्यावर मी बोलले, तुझी अक्षरं तूच वाचत बस.

असं बोलले मी. बावीस वर्षांनंतर.

तू ब्रश धुतलेस, फडक्यावर आडवे मांडलेस आणि गेलास. दोन आठवडे आला नाहीस. मी फोन केला नाही, कारण माझंही नाक वर. मग वहिनीचा फोन आला तो दवाखान्यातूनच. तो खोकला, जो तू थिनरच्या वासावर ढकलायचास, तो छातीत उतरून बसला होता. मी पळत आले. तुला स्ट्रेचरवरून दुसऱ्या वॉर्डात नेत होते, मी बाजूनं चालत होते, आणि तू मला बघितलंस, मास्क जरा बाजूला केलास. मला वाटलं आता काहीतरी मनातलं बोलणार.

"सुमे, हिथल्या पाट्या सगळ्या उभ्या माणसासाठी हायेत. आडव्याला नुसतं छत दिसायलंय."

मी एवढी हसले की वॉर्डबॉय चिडला. म्हटलं, बरा हो, मग छतावर लिहू. तीच वेळ होती, दादा. तेवढ्यात म्हणून टाकायला हवं होतं की माझं चुकलं. दोन शब्द. मी छताचे विनोद करत बसले. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

तू गेलास त्याच दिवशी संध्याकाळी किसनरावांचा फोन आला. रडत होते. म्हणाले, पेंटरचा फ्लेक्स करा, मोठा करा, आमी लावतो. आणि मी काय विचारलं? माप. फक्त माप. ते म्हणाले आठ बाय सहा, आणि मी आठ बाय सहा लिहून घेतलं. कॉम्प्युटरवर श्रद्धांजलीचा तयार नमुना असतोच, नुसता फोटो आणि नाव बदलायचं. ढग, समई, सोनेरी सावली दिलेली वळणावळणाची अक्षरं. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हात आपोआप चाललेला. तुझ्या भाचीच्या लग्नातला फोटो टाकला, फेटा बांधलेला. खाली तुझं नाव, असल्या फॉन्टात की तू असतास तर स्क्रीन बंद केला असतास. कुठं लागणार, हे मी विचारलं नाही. कोण वाचणार, विचारलं नाही. मागच्या स्टुलावरून कुणी ओरडलं नाही, म्हणून मला सुचलंच नाही.

चौथ्या दिवशी चाकणला एका गेटवर विनाइल चिकटवायला निघाले होते. खरं तर दुकान उघडायचं नव्हतं, पण घरी बसवेना. कुरुळी फाट्यावर रिक्षा थांबवली. म्हटलं तुझी पाटी बघू, मग पुढे जाऊ. पाटी नव्हती. त्या दोन पाइपांना माझाच फ्लेक्स बांधलेला, आठ बाय सहा, आणि त्यात तू फेटा बांधून हसतोयस. त्याच्यामागे झाकला गेलेला तुझा दवाखाना आणि बाण.

मी उभी होते तेवढ्यात एक मोटरसायकल आली, तिघं बसलेले. मधल्याचा हात फडक्यात गुंडाळलेला आणि फडकं लाल. मागचा त्याचा हात धरून वर उचलून बसलेला. चालवणारा नवखा, ओरडून विचारत होता, दवाखाना किधर है? टपरीवरची माणसं एकदम बोलायला लागली, कुणी उजवीकडे हात केला, कुणी नुसतं पुढे पुढे म्हणालं. गाडी डावीकडे गेली. चाळींत. चालवणाऱ्याच्या खिशातला फोन वाजत होता, मला ऐकू येत होता. काढणार कसा? एक हात ब्रेकवर, एक ॲक्सिलेटरवर. जरा वेळानं गाडी माघारी आली, तेव्हा किसनरावांचा पुतण्या पळत जाऊन त्यांना उजवीकडे घेऊन गेला. त्या माणसाच्या बोटांचं काय झालं ते मला कळलं नाही. नंतर दवाखान्यात चौकशीला गेले, पण नाव माहीत नव्हतं, कुणी दाद लागू दिली नाही.

घे, जिंकलास. झालं समाधान? तू असतास तर गालातल्या गालात हसला असतास आणि मी तुला मारायला धावले असते. आता तू जिंकलेलं मी कुणाला जाऊन सांगू?

मग मी कटर काढला. कुणाला विचारलं नाही, कुणाची वाट बघितली नाही. चार दोऱ्या आणि ती एक चीर. पिवळा पत्रा दिसल्यावर मला श्वास आला.

किसनराव टपरीतून आले. मला वाटलं हात उगारतात की काय. पण त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, "ती जागा पेंटरची हाय म्हनून तर तितं लावला. दुसरीकडं कुटं लावनार व्हतो, बाई?"  त्यांचं खरं होतं. त्यांनी मायेनं तुझ्याच जागेवर तुला बांधला होता. चूक त्यांची नव्हतीच. ज्या बाईनं बावीस वर्षं तुझे प्रश्न ऐकले, तिला एक प्रश्न विचारता आला नाही. हे मी त्यांना सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. पण फ्लेक्स परत बांधू दिला नाही.

दुपारी वहिनी आली. कुणीतरी तिला फोन केलाच होता. तिनं जमिनीवरचा फ्लेक्स उचलला, झटकला, तुझ्या खांद्यावरची चीर बोटानं जुळवून बघितली. मी समजावायला गेले. ती म्हणाली, "एवढं मोठं नाव यांचं पहिल्यांदा लागलं होतं, सुमन." फ्लेक्सची घडी घातली आणि रिक्षात बसून गेली. त्यानंतर नऊ दिवस तिनं दार उघडलं, पाणी दिलं, पण माझ्याशी शब्द बोलली नाही.

किसनराव भला माणूस. म्हणाले, चाळीच्या गच्चीवर दुसरा लावू. वहिनीनं निरोप पाठवला, लागला तर फाट्यावर, नाहीतर नको. मग टपरीवरच्या शहाण्यांनी तोडगा काढला की पाटीवरच खाली पेंटरचं नाव लिहून टाका, जागा आहे. सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं. मी म्हटलं, एक शब्द, एक बाण, त्यात कुणाचंही नाव येणार नाही, त्याचं स्वतःचंसुद्धा नाही. एक जण म्हणाला, बाई, एवढा ताठा बरा नाही. मी म्हटलं, ताठा माझा नाही, पाटीचा आहे, तिला उभं राहावं लागतं. दादा, तुझ्यासाठी मी तुझ्याच माणसांशी भांडत होते आणि तुझी बायको माझं तोंड बघत नव्हती. असली वेळ आणलीस तू माझ्यावर.

पण वहिनीचं बोलणं डोक्यातून जाईना. बाईचं काय चुकलं होतं? आयुष्यभर ज्याच्या शर्टाचे रंग रॉकेलनं घासले, त्याचं नाव कुठेतरी मोठ्ठं दिसावं एवढंच ना? मी रोज दुकान उघडायची, तुझ्या स्टुलाकडे बघून बसायची, मशीन चालू करायची नाही. आणि एका सकाळी मी तुझ्या नावालाच तुझे प्रश्न विचारले. कुठं लागणार? फाट्यावर, वहिनीचा हट्टच आहे. कोण वाचणार? जो दवाखान्याकडे निघालाय तो नाही. त्याच्या वाटेत यायचंच नाही. मग कोण उरतं? जो दवाखान्यातून परत येतोय तो. तो चालत येतो. औषधाची पिशवी हातात असते, हाताला पट्टी असते, कधी कडेवर झोपलेलं पोर असतं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि समोर त्याला पत्र्याची मागची बाजू दिसते. कोरी, गंजलेली, कुणी कधी न बघितलेली.

तुझा नियम पुढच्या बाजूचा होता, दादा. मागच्या बाजूला मी तुझं ऐकणार नाही. रागावायचं तर रागाव.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी गंज घासला, प्रायमर मारला, मग पांढरा. तुझे ब्रश घेतले, विचारलं नाही. तुझी अक्षरं मोठी करून कागदावर छापली, कडांवर सुईनं भोकं टोचली, वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटून पत्र्यावर उतरवली. मी मशीनवाली बाई, हातात ब्रश कधी धरलेला नाही. पहिली रेघ थरथरली ती तशीच आहे. तुझ्या आडनावात ळ, आणि ळ तू अजून काढला नव्हतास. तेवढ्यासाठी कॉम्प्युटरमधला तयार ळ मी घेतला नाही. स्वतः काढला. वाकडा आहे. पोटात हवा मात्र भरपूर ठेवलीय. किसनरावांनी शिडी धरली होती. जराही हलू दिली नाही. राहिलेली तुझी अक्षरंही मीच पुरी करणार आहे, आणि चाकणच्या त्या कंपनीला कळवलंय की नमुना बदलत असाल तर काम करते, नाहीतर दुसरं कुणी शोधा.

दुसऱ्या दिवशी किसनराव स्वतः जाऊन वहिनीला घेऊन आले. मी तिला दवाखान्याच्या रस्त्यानं जरा आत नेलं आणि तिथून फाट्याकडे तोंड करून उभी केली.  ती बघत राहिली.

तुला ठाऊक आहे, तिनं तुझं नाव कधी घेतलं नाही. आमचे हे, नाहीतर पेंटर. शेजारच्या मारुतीच्या देवळालासुद्धा ती शेंदराच्या देवाचं देऊळ म्हणायची. दवाखान्याच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही तिनं मला पुढे ढकललं होतं. चौथी शिकलेली बाई, ओठ हलवत हलवत वाचते. तिचे ओठ हलले. पदर सावरून ती दोन पावलं पुढे आली, पुन्हा बघितलं, आणि भर रस्त्यात, टपरीवरच्या सगळ्या माणसांपुढे म्हणाली, "मारुती टेकाळे."

 तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्यानं.